ड्राइव्हच्या विंडोमागचं चित्र नक्की कुणाचं?

विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तास घालवलेत, त्यांना 'डी ड्राइव्हला फोटो लावणे' हा उद्योग आठवत असेल. माय कॉम्प्युटर उघडायचं, डी ड्राइव्हवर डबल क्लिक करायचं, आणि फोल्डरांच्या मागे पांढऱ्या जागेऐवजी गणपती, शिवाजी महाराज, नाहीतर एखादी लाल स्पोर्ट्‌स कार. पेन ड्राइव्हलाही असाच फोटो लावायचा. मग तो पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या मशीनला लावला की तिथेही आपलाच फोटो. लॅबमध्ये हे ज्याला जमायचं त्याला जरा भाव असायचा.

आज हे विंडोजवर होत नाही. मॅकवर होतं, पण ते वापरणारे आपण नसतो, सॉफ्टवेअर विकणारे असतात. हा बदल कसा झाला आणि त्यात आपण काय गमावलं, यावर या वेळचा लेख. माझं संशोधन डिस्कवर फाइलींच्या आजूबाजूला साठत जाणाऱ्या माहितीबद्दल आहे, म्हणजे फाइलीत नसलेली पण फाइल कशी दिसावी हे ठरवणारी माहिती. गेल्या काही लेखांत तिचे तांत्रिक तपशील सांगितले. आज जरा वेगळं करू. पुस्तकाची समीक्षा करतात तशी या एका छोट्या सोयीची समीक्षा. कुणी ती कशी बांधली, कुठे फसली, आणि आज ती कुणाच्या कामाला येते.

आधी एक्सपीची कृती. ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची. नोटपॅडमध्ये उघडणारी. तिच्यात पहिल्या ओळीत चौकटी कंसात ३२ अंक-अक्षरांचा एक लांबलचक सांकेतांक, त्याखाली 'आयकॉनएरिया-इमेज' म्हणजे चित्राचं नाव, आणि त्याखाली 'आयकॉनएरिया-टेक्स्ट' म्हणजे चित्रावर फाइलींची नावं कुठल्या रंगात दिसावीत तो आकडा. बस, तीन ओळी. मग ही फाइल आणि चित्र दोन्ही 'हिडन' करून टाकायची, म्हणजे कुणी सहज उडवू नये. तो ३२ अक्षरी सांकेतांक पाठ असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणाकडे तरी ती फाइल असायची आणि ती कॉपी होत होत गावभर जायची. आजीच्या लोणच्याच्या प्रमाणासारखं. का ते कुणी विचारायचं नाही, तसंच करायचं.

या कृतीत एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. साध्या फोल्डरला चित्र लावायचं तर नुसती फाइल ठेवून भागायचं नाही, फोल्डरला 'सिस्टिम' नाहीतर 'रीड ओन्ली' ही खूण द्यावी लागे. आता 'रीड ओन्ली' म्हणजे काय? फक्त वाचा, बदलू नका. पण विंडोजमध्ये फोल्डरवर या खुणेचा तो अर्थच नाही. रीड ओन्ली फोल्डरमध्ये तुम्ही खुशाल नव्या फाइली टाकू शकता. एक्सप्लोररसाठी त्या खुणेचा अर्थ इतकाच, की 'हा फोल्डर खास आहे, आत डेस्कटॉप डॉट आयएनआय आहे का बघ.' जुनी खूण रिकामी पडली होती, तिच्यात नवा अर्थ भरला. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड ओन्लीचा चौकोन का भरलेला दिसतो, तो काढला तरी परत का येतो, या प्रश्नाने आजही लोक हैराण होतात. त्याचं मूळ या सजावटीत आहे.

ही सोय मुळात अशी चोरवाटेने वापरायची नव्हती. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ आला आणि पुढच्या वर्षी विंडोज ९८. मायक्रोसॉफ्टच्या डोक्यात तेव्हा एकच भूत होतं: सगळं काही वेबपान करायचं. डेस्कटॉप वेबपान, फोल्डरही वेबपान. विंडोज ९८ मध्ये व्ह्यू मेनूत 'कस्टमाइझ धिस फोल्डर' असा पर्याय होता. तो एक छोटा विझार्ड उघडायचा आणि विचारायचा, फोल्डरसाठी एचटीएमएल पान लिहायचंय, की नुसतं मागे चित्र लावायचंय? पहिला पर्याय निवडला तर 'फोल्डर डॉट एचटीटी' ही साचा-फाइल तयार व्हायची आणि तुमच्या फोल्डरची विंडो ही खरोखर एक वेबपान व्हायची, जावास्क्रिप्टसकट. दुसरा निवडला तर त्या तीन ओळी लिहिल्या जायच्या. एक्सपीने विझार्डमधला हा भाग काढून टाकला, पण तीन ओळी वाचणारा आतला कोड तसाच ठेवला. म्हणजे दार बंद, खिडकी उघडी. आपल्या लॅबमधली सगळी कलाकारी त्या उघड्या राहिलेल्या खिडकीतून झाली.

विंडोज ९८ ची कल्पना मला आजही मोठ्या मनाची वाटते. ज्याचा फोल्डर त्याने तो कसा दिसावा हे ठरवावं, हवं तर पान लिहावं, आत माहिती द्यावी. शाळेतल्या शिक्षकाने 'इयत्ता आठवी' नावाचा फोल्डर करावा आणि तो उघडल्यावर आत काय कुठे आहे हे मराठीत लिहिलेलं दिसावं, इतकं साधं काम त्यात होऊ शकत होतं. आज हे करायला आपण 'आधी हे वाचा' नावाची फाइल टाकतो आणि ती कुणीही वाचत नाही.

पण या मोठ्या मनात एक भोक होतं. सजावट फोल्डरच्या आत राहत होती आणि फोल्डरसोबत फिरत होती. माझ्या क्षेत्रातला हा मूळ प्रश्न आहे, म्हणून दोन मिनिटं इथे थांबतो. एखादी वस्तू कशी दिसावी ही माहिती दोन ठिकाणी ठेवता येते: वस्तूसोबत, किंवा बघणाऱ्याकडे. बघणाऱ्याकडे ठेवली तर माझ्या मशीनवर तुमची डिस्क मी ठरवेन तशी दिसेल. वस्तूसोबत ठेवली तर तुमची डिस्क माझ्या घरी येऊन स्वतःच्या मनाने दिसेल. पाहुणा बॅग घेऊन आला आणि येताना पडदेही घेऊन आला, आल्या आल्या ते आपल्या खिडक्यांना लावून मोकळा झाला, असं ते आहे. पडदे सुंदर असतील तर आपण हसून सोडून देऊ. पण पडद्याच्या घडीत काय आहे ते कोण बघणार?

घडीत काय असू शकतं ते २००२ मध्ये दिसलं. 'रेडलॉफ' नावाचा व्हायरस व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता आणि तो स्वतःला फोल्डर डॉट एचटीटी या साच्यात लिहून ठेवायचा. वेबव्ह्यू चालू असलेल्या मशीनवर फोल्डर नुसता उघडला की काम झालं. फाइलवर क्लिक नाही, काही चालवणं नाही. फोल्डर बघणं म्हणजेच प्रोग्राम चालवणं. पेन ड्राइव्हचा आयकॉन आणि नाव बदलायला लोक जी 'ऑटोरन डॉट आयएनएफ' वापरत, तिची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. ड्राइव्हचा आयकॉन कुठला दाखवायचा आणि ड्राइव्ह लावल्यावर कुठला प्रोग्राम चालवायचा, या दोन्ही गोष्टी त्याच एका फाइलीत, शेजारशेजारच्या ओळींत लिहायच्या असत. सजावट आणि हुकूम एकाच कागदावर. २००८ च्या अखेरीपासून पसरलेल्या 'कॉनफिकर'ने याच वाटेने पेन ड्राइव्ह वापरले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टाच्या मशीनवरही अपडेटमधून तेच केलं.

आणि २०१० चा 'स्टक्सनेट'. त्यात तर ऑटोरनचीही गरज नव्हती. पेन ड्राइव्हवर एक शॉर्टकट फाइल. एक्सप्लोरर तिचा आयकॉन काढायला जायचा आणि तो काढता काढता हल्लेखोराचा कोड चालायचा. आयकॉन दाखवणं हे दिसायला किती निरुपद्रवी काम आहे! पण ते दाखवायला कोड चालतो, आणि त्या कोडला कुठली फाइल वाचायची हे पाहुण्याची डिस्क सांगते.

हे सगळं झाल्यावर मायक्रोसॉफ्टने विंडोमागच्या चित्राचं काय केलं? २००७ च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये एक्सप्लोररची विंडो नव्याने बांधली गेली आणि त्या नव्या विंडोत चित्राला जागाच उरली नाही. त्या तीन ओळी आजही लिहिता येतात, कुणी वाचत नाही. काही हौशी प्रोग्रामरनी व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी साधनं लिहिली, ती आपली डीएलएल एक्सप्लोररच्या प्रक्रियेत घुसवून चित्र रंगवत. म्हणजे नुसत्या फोटोसाठी सगळ्या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये अनोळखी कोड बसवायचा. सोय काढून घेतल्याने लोक आधीपेक्षा जास्त धोक्याची गोष्ट करू लागले.

माझी तक्रार इथे आहे. नुसतं चित्र लावण्यात धोका फारच थोडा होता. धोका होता तो साच्यातल्या स्क्रिप्टचा आणि ऑटोरनचा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन हक्क एकाच पिशवीत बांधून फेकले गेले. एक, माझ्या मशीनवर माझा डी ड्राइव्ह मला हवा तसा दिसावा, हा. दुसरा, माझा पेन ड्राइव्ह तुमच्या मशीनवर मला हवा तसा दिसावा, हा. पहिल्याला कुणाचा काय आक्षेप असणार? ते चित्र माझ्या मशीनच्या सेटिंगमध्ये राहिलं असतं तर प्रश्नच मिटला असता. डेस्कटॉपचा वॉलपेपर असाच राहतो, त्याच्यावर कुणी बंदी घातलेली नाही. दुसऱ्याबद्दल विचार करायला हवा होता, तो केला नाही. दोन्ही गेले. डेस्कटॉप डॉट आयएनआय मात्र जिवंत आहे. फोल्डरचा वेगळा आयकॉन अजून तीच ठरवते. विंडोज मराठीत लावलं की डाउनलोड्‌सचा फोल्डर मराठी नावाने दिसतो आणि डिस्कवर त्याचं नाव इंग्रजीच राहतं, ही किमयासुद्धा तिचीच.

आता मॅककडे. इथे गोष्ट उलटी आहे. मॅक ओएस टेन २००१ मध्ये आली आणि तिच्या फाइंडरमध्ये कुठल्याही फोल्डरला किंवा डिस्कला मागे चित्र लावायची सोय उघड, मेनूत, आजही आहे. विंडो आयकॉन व्ह्यूमध्ये ठेवायची, कमांड-जे दाबायचं, खाली 'बॅकग्राउंड'मध्ये 'पिक्चर' निवडायचं आणि चौकोनात चित्र ओढून टाकायचं. झालं. स्क्रिप्ट नाही, वेबपान नाही, नुसतं चित्र. विंडोज ९८ ला जे सुचलं नाही ते इथे पहिल्यापासून आहे: सजावटीत हुकूम लिहायला जागाच नाही.

पण ही माहिती राहते कुठे? प्रत्येक फोल्डरमध्ये लपलेल्या 'डॉट डीएस-स्टोअर' नावाच्या फाइलीत. मॅकवाल्या मित्राने तुमचा पेन ड्राइव्ह परत दिला की विंडोजवर तुम्हाला जी विचित्र फाइल दिसते, तीच. डीएस म्हणजे डेस्कटॉप सर्व्हिसेस. माझे बरेच दिवस या फाइली हेक्स एडिटरमध्ये उघडून बघण्यात जातात. सुरुवातीला एक छोटा आकडा आणि मग इंग्रजी 'बड१' ही चार अक्षरं. त्यापुढे नोंदी: फाइलीचं नाव, चार अक्षरी खूण, आणि त्या खुणेची किंमत. जुन्या फाइलींत चित्रासाठी दोन नोंदी असत. एक सांगायची की मागे साधा रंग आहे, चित्र आहे की काहीच नाही, आणि दुसरीत त्या चित्राचा पत्ता. ॲपलने या फाइलीची रचना अधिकृतपणे कुठेही छापलेली नाही. जी माहिती उपलब्ध आहे ती बाहेरच्या प्रोग्रामरनी बाइट-बाइट तपासून काढलेली.

पत्ता म्हणजे नुसतं 'अमुक फोल्डरमधलं तमुक चित्र' असं नसतं. जुन्या मॅकची 'एलियस' नावाची रचना त्यात असते, आणि त्या एलियसमध्ये डिस्कचं नाव, डिस्क तयार झाल्याची तारीख वगैरे गुंडाळलेलं असतं. म्हणून डिस्कचं नाव बदललं की कधी कधी चित्र गायब. बांधणारा गोंधळतो: चित्र तर तिथेच आहे! आहे, पण पत्ता जुन्या नावाने लिहिलाय.

फाइंडरवर टीका करणारे काही मी पहिला नाही. जॉन सिराक्युसा यांनी २००३ मध्ये आर्स टेक्निकावर फाइंडरवर एक मोठा लेख लिहिला होता. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की १९८४ च्या मॅकमध्ये एक फोल्डर म्हणजे एकच विंडो, ती जिथे ठेवाल तिथे आणि जशी ठेवाल तशी राहायची, त्यामुळे ती खऱ्या वस्तूसारखी वाटायची. नव्या फाइंडरने हे नातं तोडलं. मला तो मुद्दा पटतो. विंडोला स्वतःचं रूप असेल तरच मागच्या चित्राला काही अर्थ आहे. आज मॅकवर आपण एकाच विंडोतून या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये जात राहतो. मध्येच एखाद्या फोल्डरला चित्र आलं तर ते घराचा रंग न वाटता डाग वाटतो. घरच्या वापरात ही सोय मेली ती बहुतेक याच कारणाने.

ती जगली ती एकाच जागी, डीएमजीमध्ये. मॅकवर सॉफ्टवेअर डाउनलोड केलं की बहुतेक वेळा डीएमजी फाइल मिळते. ही एक खोटी डिस्क असते. उघडली की जणू नवा ड्राइव्ह लावला असं मॅकला वाटतं आणि त्या ड्राइव्हची विंडो समोर येते. डावीकडे प्रोग्रामचा आयकॉन, उजवीकडे ॲप्लिकेशन्स फोल्डरचा शॉर्टकट, आणि मधे मोठा बाण. तो बाण म्हणजे बटण नव्हे. मागच्या चित्रात रंगवलेला बाण आहे तो. प्रोग्रामरने चित्र लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं, विंडोची लांबीरुंदी चित्राच्या मापाची केलेली असते, आयकॉन बरोबर बाणाच्या दोन टोकांना बसवलेले असतात, आणि हे सगळं डीएस-स्टोअरमध्ये गोठवून मग डिस्क 'फक्त वाचा' स्वरूपात दाबलेली असते. विंडो जरा ओढून मोठी केली की नाटकाचं नेपथ्य संपतं आणि मागची रिकामी जागा दिसते.

हे नेपथ्य उभं करायला जी कसरत लागते ती बघण्यासारखी आहे. फायरफॉक्सच्या मूळ कोडमध्ये आधीच तयार केलेली डीएस-स्टोअर फाइल चक्क बायनरी स्वरूपात ठेवलेली आहे. 'क्रिएट-डीएमजी' हे मुक्त साधन ॲपलस्क्रिप्टने खरा फाइंडर उघडतं, त्याला विंडो मांडायला लावतं, आणि फाइंडर डीएस-स्टोअर लिहून टाकेल याची वाट बघतं. 'डीएमजीबिल्ड' हे साधन फाइंडरला न विचारता ते बाइट स्वतःच लिहितं. एक चित्र दाखवण्यासाठी एवढं. ज्या रचनेला कागदोपत्री अस्तित्व नाही तिच्यावर मॅकवरचं अर्धं सॉफ्टवेअर वाटप उभं आहे, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बरं, बाण रंगवायची वेळ का आली? कारण डिस्क उघडल्यावर काय करायचं हे सिस्टिम सांगत नाही. नवखा माणूस डीएमजीतूनच प्रोग्राम चालवतो, मशीन बंद-चालू केल्यावर खोटी डिस्क नाहीशी होते, आणि प्रोग्राम कुठे गेला म्हणून तो शोधत बसतो. ॲपलने यावर एक उपाय केलाही होता. डीएमजीवर एक खूण टाकायची, की डाउनलोड झाल्यावर आतला माल आपोआप बाहेर यावा आणि डिस्क कचऱ्यात जावी. फार कमी लोकांनी ती वापरली आणि २०१९ च्या कॅटलिनामध्ये ती काढून टाकली. ॲप स्टोअर २०११ मध्ये आलं, त्यात प्रश्नच नाही. पण स्टोअरबाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी रंगवलेला बाण हाच आजही अधिकृत नसलेला अधिकृत मार्ग आहे.

समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप या बाणावर आहे. सूचना ही मजकूर असायला हवी, चित्र नव्हे. 'याला ओढून तिकडे टाका' हे वाक्य चित्रात रंगवलं की ते निवडता येत नाही, मोठं करता येत नाही, भाषांतरित होत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मॅकमधलं व्हॉइसओव्हर आयकॉनांची नावं वाचून दाखवतं. रंगवलेलं वाक्य त्याच्या लेखी वाक्यच नाही. कागदपत्रांचे स्कॅन करून वेबसाइटवर टाकणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. इथे तेच, फक्त छान ग्रेडियंटवर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि मला हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

मॅकवर अनोळखी प्रोग्राम उघडायला गेलं की 'गेटकीपर' अडवतो. ॲपलकडे नोंद नसलेल्या विकसकाचा प्रोग्राम असेल तर साध्या डबल क्लिकने चालत नाही. पण बरीच वर्षं एक वाट होती: आयकॉनवर राइट क्लिक करायचं, 'ओपन' निवडायचं, पुन्हा 'ओपन' म्हणायचं. जाणकारांसाठी ठेवलेली वाट. २०२० मध्ये 'श्लेयर' या मालवेअरच्या एका रूपाने काय केलं? बनावट फ्लॅश प्लेअरची डीएमजी, आणि तिच्या विंडोमागच्या चित्रात पायऱ्या रंगवलेल्या: राइट क्लिक करा, ओपन म्हणा. बस. मशीनमधली कुठलीही चूक वापरलेली नाही. २०२३ पासून फिरणाऱ्या 'ॲटॉमिक स्टीलर'ने तीच युक्ती उचलली. हा मालवेअर ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरतो.

२०२४ च्या सिक्वोयामध्ये ॲपलने ती राइट क्लिकची वाट बंद केली. आता सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त परवानगी द्यावी लागते. मग हल्लेखोरांनी चित्र बदललं. नव्या डीएमजींत बाण आयकॉनकडून ॲप्लिकेशन्सकडे जात नाही, टर्मिनलकडे जातो. 'ही फाइल टर्मिनलमध्ये ओढून टाका आणि एंटर दाबा.' फाइल म्हणजे एक छोटी शेल स्क्रिप्ट. आणि ओढून टाकण्याची सवय वीसेक वर्षांच्या प्रामाणिक डीएमजींनी लोकांच्या हाताला लावलेलीच आहे. प्रामाणिक विक्रेत्याचा बाण आणि चोराचा बाण यात रंगसंगती सोडून फरक काय?

रेडलॉफच्या वेळी चित्राऐवजी कोड होता म्हणून मशीन फसलं. इथे नुसतं चित्र आहे, कोड कुठेच नाही, तरी काम होतं, कारण कोड चालवायचं काम चित्राने माणसाकडून करून घेतलं. ॲपलने पाहुण्याला हुकूम द्यायची सोय ठेवली नाही, पण घरमालकाच्या आवाजात बोलायची ठेवली. विंडोची चौकट फाइंडरची, वरची तीन रंगीत बटणं फाइंडरची, आयकॉनांखालची अक्षरं फाइंडरची. त्या चौकटीच्या आत जे लिहिलंय तेही फाइंडरच म्हणतोय असं का वाटू नये? ब्राउझरमध्ये निदान वर पत्ता असतो, पान कुणाचं ते कळतं. ईमेलला 'प्रेषक' असतो. डिस्कच्या विंडोमागच्या चित्राला काहीच नाही. प्रोग्रामवर विकसकाची डिजिटल सही असते. ती सही प्रोग्रामपुरती. चित्र आणि डीएस-स्टोअर तिच्या बाहेर राहतात.

म्हणजे एकीकडे मायक्रोसॉफ्ट, ज्याने आपला डी ड्राइव्ह आपल्यापुरता रंगवायचा निरुपद्रवी हक्क काढून घेतला. दुसरीकडे ॲपल, ज्याने तो हक्क कागदावर सर्वांना दिला, पण प्रत्यक्षात त्याचा उपयोग करतात ते आपल्या मशीनवर बाहेरून येणारे. दोघांनीही एक साधा भेद केला नाही: चित्र कुणी लावलं? मी लावलेलं चित्र माझ्या मशीनवर नोंदवून ठेवा आणि खुशाल दाखवा. डिस्कसोबत आलेलं चित्र दाखवायचंच असेल तर ते आलेलं आहे हे दिसू द्या. विंडोच्या कडेला एक पट्टी, 'ही सजावट या डिस्कसोबत आली आहे', पुरे. ऑफिसच्या फाइली डाउनलोड केल्या की वर पिवळी पट्टी येते, तशी. डाउनलोड केलेल्या फाइलीवर मॅक आधीपासूनच 'क्वारंटाइन'ची खूण लावतो, त्यामुळे कुठली डिस्क बाहेरून आली हे त्याला माहीतच असतं. नवीन काही शोधायचं नाही, जे माहीत आहे ते सांगायचं आहे.

यावर एक प्रतिवाद मला लॅबमध्ये ऐकायला मिळाला: पट्ट्या कोण वाचतं? बरोबर आहे, फारसं कुणी वाचत नाही. पण पट्टी आली की विक्रेत्यांना चित्रात सूचना रंगवणं अवघड होईल. 'हे सिस्टिमचं म्हणणं नाही' असं वर लिहिलेलं असताना खाली बाण कोण काढेल? आणि प्रामाणिक बाण दिसेनासे झाले की चोराचा बाण एकटा पडेल. सवय मोडायची तर आधी ती लावणाऱ्यांची मोडावी लागते.

तोवर मॅक वापरणाऱ्यांनी एवढं करून बघा. डाउनलोड केलेल्या कुठल्याही डीएमजीची विंडो उघडली की कमांड आणि २ दाबा. विंडो यादीच्या रूपात जाते, आणि मागचं चित्र फक्त आयकॉन व्ह्यूमध्येच दिसत असल्यामुळे बाण, ग्रेडियंट, रंगवलेल्या पायऱ्या सगळं जातं. उरतात फाइली, त्यांची नावं आणि त्यांचा प्रकार. मग कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबा, म्हणजे लपलेल्या फाइलीही दिसतील: तो चित्राचा फोल्डर, ती डीएस-स्टोअर. प्रोग्राम म्हणून आलेल्या डिस्कवर 'ॲप्लिकेशन' प्रकारची एकही फाइल नसेल आणि एखादी किलोबाइटभराची स्क्रिप्ट तेवढी असेल, तर विंडो बंद करा आणि डिस्क इजेक्ट करा.